चपातीचा मार, तांदळाचा पास्ता

गहू मला मारत होता आणि माझी माणसं त्याला हातभार लावत होती.

आजारपणावर लिहायचं तर आधी देवाचे आभार मानायचे, मग डॉक्टरांचे, मग घरच्यांचे. मला ते जमणार नाही. मी लिहायला शिकले ती पत्रकं. भिवंडीच्या गल्ल्यांत घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या गटात मी काम करते. गटाच्या पुढारी रुखसाना आपा. माझं पहिलं पत्रक त्यांनी टराटरा फाडलं होतं. "परचे में रोना नहीं, बेटा. किसने मारा, कैसे मारा, अब क्या करना है. बस." तेवढंच लिहिते आहे.

आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गव्हात, मैद्यात, रव्यात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो माझ्या आतड्याला सोलून काढतो. औषध नाही, गहू सोडायचा. एवढं वैद्यकशास्त्र पुरे. ज्यांना हाच आजार आहे आणि घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. "हल्लीच्या पोरींची फॅशन" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं.

भात बंद

आम्ही भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे आगरी. पिढ्यान्‌पिढ्या तांदूळ खाल्लेली माणसं. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, संध्याकाळी उरलंसुरलं. गहू घरात यायचा तो होळीच्या पोळीपुरता. मग शेतांवर गोदामांचे गाळे उभे राहिले. जिथे भाताची आवणी व्हायची तिथे कंटेनर वळायला लागले. भात पिकवणारी जमीन गेली आणि तिच्या पैशातून आमच्या घरात चपाती आली. नाश्त्याला खारी, बटर, टोस्ट. पाहुणा आला आणि ताटात भाकरी दिसली तर बाबाला लाज वाटायची. आई भाकरी थापायची ती मागच्या पडवीत, स्वतःपुरती, चोरी केल्यासारखी.

माझं पोट बिघडलं ते ह्याच सुमाराला. आधी नुसतं फुगायचं. मग जेवले की आत कुणीतरी ओलं फडकं पिळावं तशी कळ, आणि धावत संडास. तोंड आतून सोललेलं. केस मुठीने हातात यायचे. कामतघरच्या एका चाळीत पत्रकं वाटताना जिन्यावरून खाली आले, कपाळ फुटलं, पत्रकं रक्तात भिजली. बायकांनी ती तरीही वाचली, असं नंतर आपा हसत सांगायच्या. मला हसू आलं नव्हतं.

नाक्यावरच्या डॉक्टरने पोट दाबलं आणि आमच्या मुलखातलं सगळ्यात जुनं औषध सांगितलं. "भात बंद करा. भाताने पोट फुगतं. चपाती द्या, ब्रेड द्या, हलकं द्या."

भात बंद! आमच्याकडे सर्दी झाली, भात बंद. ताप आला, भात बंद. टाके पडले, भात बंद, नाहीतर टाके पिकतील. ज्या लोकांनी आयुष्यभर भाताशिवाय काही खाल्लं नाही, त्यांना आजार आला की पहिला संशय भातावर. मला चालत होतं ते एकच अन्न त्या दिवशी घरच्यांनी काढून घेतलं आणि विष वाढायला सुरुवात केली. तेही मायेने. आई चहात पाव बुडवून घास घास भरवायची. "खा गो बाय, हलका हाय." रव्याची खीर करायची, वाटी निपटून पाजायची. मी जितकी खंगत गेले तितका रवा वाढत गेला.

एकदा मी ताट सरकवलं.

"न्हाय जाणार बाबा. पोटात आग होते."

"आग व्हते? चपाती खाऊन आग व्हते?" बाबा आईकडे वळला. "बग हिची थेरं. मोर्च्यात जाते, घसा फोडते, तवा न्हाय व्हत आग."

"मला भात दे."

"डाक्टर शहाना का तू शहानी?"

आणि मारली. कानशिलात. तोंडात होता तो घास जमिनीवर पडला. तो त्याने उचलायला लावला आणि मी उचलून खाल्ला. तासाभरात मी संडासात भिंतीला डोकं टेकून बसले होते. बाहेर आई कडी वाजवत होती आणि मला वाटत होतं, हिने दार उघडलं तर मी हिचा गळा धरीन. हे असं वाटतं. तुम्हालाही वाटत असेल तर तुम्ही वाईट मुलगी नाही आहात. तुम्ही उपाशी आहात.

निदान

डॉक्टरांनी आधी टीबी ठरवला. टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवी लाल झाली, वजन उतरतच राहिलं. शेवटी आपांनी बाबाला विचारलंही नाही. रिक्षा आणली, मला आणि आईला आत कोंबलं आणि मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊन टाकलं.

तिथलं सगळं सांगत नाही. घशातून नळी घालताना दोघांनी मला धरून ठेवलं होतं आणि मी एकाच्या पोटात लाथ घातली. तो चिडला नाही. "सगळेच मारतात," म्हणाला.

रिपोर्ट आला त्या दिवशी तरुण डॉक्टरीण खाटेजवळ आली. कागद बघितला, मला बघितलं.

"तुम्ही पंजाबी आहात का?"

"आगरी."

"आश्चर्य आहे. गहू खाणाऱ्या मुलखात जास्त, इकडे कमी बघतो आम्ही." मग तिने गहू म्हणजे काय काय ते सांगितलं. चपाती, पाव, बिस्कीट, रवा, मैदा, शेवया. बाजारच्या हिंगातसुद्धा कणीक असते. "आयुष्यभर बंद."

आईने पदर तोंडाला लावला. "मंग ती खाल तरी काय?"

"का? भात खाईल की. भात सगळ्यात चांगला."

 आईने उजवा हात उचलला आणि स्वतःच्या थोबाडीत मारली. मग डाव्या हाताने दुसऱ्या गालावर. पुन्हा उजव्या. भरल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, आवाज येईल अशा. डॉक्टरणीने तिचे हात धरले तेव्हा तिचा गजरा खाली पडला होता. मी तिला थांबवलं नाही. मला बरं वाटत होतं. निदानाच्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं म्हणतात. मला फक्त कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि ते काम आईच करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर वॉर्डबॉयने दूध आणि ब्रेड ठेवला.

"मला गहू बंद आहे. कागदावर लिहिलंय."

"ब्रेड है. गेहूं कहां है? हलका है, खा लो."

हलका! मी ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. स्टीलचा आवाज झाला, दूध ओघळलं, पलीकडचं मूल रडायला लागलं. वॉर्डबॉयने माझे आईबाप काढले, मी त्याचे काढले. सगळं शांत झाल्यावर शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी, त्यांचं पोट कापलेलं होतं, घरून आलेला डबा माझ्याकडे सरकवला. आत मऊ भात.

"आमच्या सुनेला किती सांगितलं, टाके आहेत, भात पाठवू नको. ऐकत नाही मेली. घे तू. आणि ओरडू नकोस इतकी. ओरडायलापण ताकद लागते."

मी जेवले. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा पोट गप्प बसलं.

घरातला गहू

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. तांदूळ खाणारी जात, तांदूळ खा आणि मजा कर. मलाही वाटलं होतं. पण गहू नुसता ताटात नसतो. तो पोळपाटावर असतो, तव्यावर असतो, चमच्याच्या बेचक्यात, मिठाच्या बरणीत बुडवलेल्या बोटांवर असतो. भाकरीचं पीठ गिरणीतून यायचं आणि गिरणीत माझ्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. गिरणीवाल्याला म्हटलं, आधी जातं साफ कर.

"अगो, वायच गव्हाचा पीठ गेला तं काय ईष गेला?"

"हो. विषच."

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. दिवसातून तीन वेळा भात-मीठ, भात-आमटी खाऊनही वजन चढेना. उरलेला गहू असाच चोरवाटांनी आत येत होता. मला हवं होतं असं काहीतरी, ज्याला आमच्या घरातल्या एकाही हाताचं पीठ लागलेलं नाही.

आणि मग हळद आली. चुलतभावाची. आमच्या हळदी तुम्हाला माहीत असतील, अख्खा गाव, स्पीकर, मटणाचे टोप, आडोशाला बाटल्या. नानाकाका, बाबाचा मोठा भाऊ, चढवून बसला होता. हातात रव्याचा लाडू.

"ये गो पुढारीन. तोंड गोड कर."

"काका, मला चालत न्हाय. माहितेय तुला."

"आमच्यात कोनाला झालाय असा रोग? गव्हानी कोन मरतं?" तो मंडपातल्या लोकांकडे वळला. "पोरीला रांधाचा कंटाला, म्हनून रोग काडलाय."

लोक हसले. त्याने माझा जबडा धरला. अंगठा आणि बोटं गालात रुतवून तोंड उघडलं, जसं बैलाला औषध पाजताना उघडतात, आणि लाडू कोंबला. मी चावले. लाडवासकट बोटाला चावले. हाडाला दात लागेपर्यंत सोडलं नाही. तो गुरासारखा ओरडला आणि दुसऱ्या हाताने असा तडाखा दिला की माझं डोकं मंडपाच्या खांबावर आपटलं. स्पीकरवरचं गाणं चालूच होतं. तोंडात रवा, तूप आणि रक्त. रक्त कुणाचं ते कळत नव्हतं.

बाबा आला. मला वाटलं, आता तरी.

"काकाची माफी माग," तो म्हणाला.

पुढचा आठवडा मी संडास आणि अंथरूण यांच्यामध्ये काढला. उठून बसले तेव्हा बाबाने निकाल दिला. "या घरात एक चूल. एकच रांधप. तुझी येगली भांडी, येगला टोप मना दिसला तं तो पन बाहेर जाल आन तू पन."

बाहेर म्हणजे कुठे, हे त्याने सांगितलं नाही. घरात राहायचं तर मरायचं, जगायचं तर निघायचं. एवढंच माझ्यापुढे होतं.

गणेशपुरीची बाई

आईचा इलाज चालूच होता. तिने मला गणेशपुरीच्या गरम कुंडात न्हायला पाठवलं. न्हाऊन काही झालं नाही. पण एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारी गोरी बाई, काटकुळी, पांढऱ्या साडीतली, टपरीवाल्याच्या हातावर चापट मारत होती.

"बिस्किट नहीं! गेहूं मुझे मारता! मारता!"

मी अक्षरशः धावत गेले. "मुझे भी!"

तिचं नाव लुचिया. इटलीची. आश्रमाजवळ खोली घेऊन दरवर्षी येऊन राहायची. तिने माझं मनगट धरलं (पकड केवढी!) आणि खोलीवर नेलं. ट्रंक उघडली. कपडे कमी आणि पाकिटं जास्त. पिळदार, पिवळसर, चकलीच्या तुकड्यांसारखं काहीतरी.

"पास्ता. चावल का. मकई का. सारा साल का."

मी पास्ता हा शब्द ऐकला होता, खाल्ला नव्हता. जगात पास्ता गव्हाचा असतो आणि तो मला मारतो, एवढंच माहीत. तिने स्टोव्ह पेटवला. मी मदत करायला शेल्फवरचा झारा उचलला तर फाडकन हातावर बसली. घरमालकिणीचा झारा होता तो. चपात्यांच्या घरातला. शाब्बास! मला पहिल्यांदाच माझ्याच बाजूने कुणीतरी मारलं होतं.

तिच्याकडून शिकले ते आणि पुढे स्वतः वाया घालवून शिकले ते, सगळं सांगते. गणेशपुरीच्या बाजारात आश्रमवाल्यांसाठी माल ठेवणारा एक दुकानदार होता, तो मुंबईहून मागवून द्यायचा. तुम्हालाही असा कुणीतरी शोधावा लागेल.

पाकिटाच्या तोंडावर काय लिहिलंय त्याला भुलू नका. मागचं बारीक वाचा. आपल्याकडे "राईस शेवई" म्हणून विकतात आणि मागे मैदा लिहिलेला असतो. त्या कंपन्यांच्या दारात पत्रकं वाटायला मला आवडेल. सूजी, रवा, सेमोलिना, ड्युरम हे सगळे गव्हाचेच भाऊ. नाव बदलून आले म्हणून घरात घेऊ नका. परदेशी पाकिटावर गव्हाची ओंबी खोडलेली खूण बघा.

नुसत्या तांदळाचा पास्ता बाहेरून चिकट आणि आतून कच्चा राहतो. नुसत्या मक्याचा ताठ असतो, पण गार झाला की तुटतो. दोन्ही मिसळलेला घ्या. लांब काड्यांपेक्षा पिळाचा आखूड बरा, तो अंग धरतो आणि कालवण पिळात अडकतं. पाकीट उजेडात धरा. तळाला भुगा जास्त असेल, तुकड्यांवर केसासारख्या चिरा असतील तर परत करा. दुकानदार तोंड वाकडं करील. करू दे.

शिजवताना पाणी भरपूर. लुचिया ओरडायची, "पानी! बहुत पानी! मछली तैरेगी इतना!" पाणी खळखळ उकळल्यावरच मीठ, मग पास्ता. टाकल्या टाकल्या ढवळा, पहिल्या क्षणांतच तो एकमेकांना चिकटून गोळा होतो. तेल घालू नका, कालवण निसटतं. पाकिटावरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. एक तुकडा काढा, चावा, मधोमध सुईच्या टोकाएवढं पांढरं दिसलं की उतरवा. गव्हाचा पास्ता तुम्हाला माफ करतो, हा करत नाही. जरा दुर्लक्ष झालं की लगदा, कुत्र्याला घालायच्या लायकीचा. निथळा, थोडं पाणी मागे ठेवा आणि लगेच कालवणात. लुचिया टोमॅटो आणि लसूण घालायची. मी सुकट घालते. लसूण ठेचून लाल करायची, धुतलेली सुकट कुरकुरीत परतायची, टोमॅटो, घरी कांडलेला मसाला, मागे ठेवलेलं ते पाणी. मग हाताने खायचं, गरम. थांबलात तर रबर होतो.

चाळणी स्वतःची. छिद्रांत जुनी कणीक बसलेली असते, घासून जात नाही. ह्यावर तडजोड नाही.

निथळणं

मी टोप घेतला, अ‍ॅल्युमिनियमची चाळणी घेतली, आपांनी त्यांचा जुना स्टोव्ह दिला. दुपारी बाबा गाळ्यांवर असतो. त्याही दिवशी मी मागच्या पडवीत सुकटीचं कालवण करून ठेवलं, पाणी ठेवलं, पास्ता टाकला, ढवळत बसले.

तो लवकर आला.

पडवीच्या दारात उभा राहिला. टोप बघितला, स्टोव्ह बघितला. मग वाकला, माझ्या पायाशी ठेवलेली चाळणी उचलली, जमिनीवर टाकली आणि तिच्यावर चपलेचा पाय दिला. एकदा, पुन्हा. पत्र्याची भाकरी होईपर्यंत.

"आता या टोपाची पाली," म्हणाला आणि हात पुढे केला.

मी फडक्यांनी दोन्ही कान धरून टोप उचलला. वाफ आमच्या दोघांच्या मधे होती. उकळतं पाणी काठावर हिंदकळत होतं आणि माझ्या मनगटावर थेंब उडत होते.

"लाव हात," मी म्हटलं. "लाव. ओततेच."

मी धमकी देत नव्हते. मी त्याच्या पायांकडे बघत होते, कुठे पडेल ते. हे वाचून कुणाला धक्का बसला तर बसू दे. ताटं, लाडू, घशातल्या नळ्या, सगळं माझ्या हातांत आलं होतं. त्याने ते बघितलं. हात तसाच हवेत राहिला.

"अगो ये!" तो आत बघून ओरडला. "बग तुझी पोर! बापावर उकलता पानी वतते!"

आई आली. तिने आधी बाबाकडे नाही बघितलं, माझ्याकडेही नाही. टोपात बघितलं. हे करताना मी चार-पाचदा वाया घालवलेलं तिने बघितलं होतं.

"झालाय तो," ती म्हणाली. "अजून धरून उभी ऱ्हाशील तं लगदा होल."

"चाळणी मोडली त्याने."

तिने जमिनीवरचा पत्रा बघितला. आत गेली. आली ती रोवळी घेऊन, तांदूळ धुवायची बांबूची. माळ्यावर पडलेली असायची, हल्ली कोण वापरतं.

"हिच्यात तांदलाबिगर काय पन गेला न्हाय. माज्या सासूच्या हातची हाय. वत."

बाबा अजून मधे उभा होता. "सर," आई त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. तो सरला.

मी ओतलं. वाफेचा लोट उठला, पाणी मोरीत गेलं, रोवळीत पिवळे पीळ उरले, एकही मोडलेला नाही. आईने ती झटकली, तांदूळ झटकतात तशी, आणि कालवणात उलटी केली.

"मना पन भूक लागलीय," बाबा म्हणाला. पडक्या आवाजात, पण हुकूमच. आमच्या घरात त्याने आजवर स्वतःचं ताट स्वतः घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

आई माझ्या ताटात वाढत होती. मान वर केली नाही.

"तुझी चपाती डब्यात हाय," ती म्हणाली. "घे वाडून."